ई२४ ७० टक्के येतोय पण पृष्ठताण हलतच नाही: तेलकट मातीतले जीवाणू आणि बायोसर्फॅक्टंट

तवंग

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

जिथे वर्षानुवर्षं डिझेल आणि वापरलेलं इंजिन ऑइल सांडून जमीन काळी पडलीये अशा ठिकाणची माती प्रोजेक्टसाठी घेतली, त्यातून बायोसर्फॅक्टंट (सूक्ष्मजीवांनी बनवलेलं साबणासारखं काहीतरी) देणारे जीवाणू शोधायचे होते. बुशनेल-हास मीडियममध्ये (नुसते क्षार असलेला द्रव) १ टक्का डिझेल हाच एकमेव कार्बन ठेवून एनरिचमेंट (तेल खाणारे जीवाणू निवडून वाढवणं) केलं, दर आठवड्याला थोडं कल्चर नव्या फ्लास्कमध्ये टाकत गेले आणि शेवटी प्लेटिंग करून वेगवेगळ्या दिसणाऱ्या कॉलनी उचलल्या. त्यातली एक फारच जोरदार आहे, डिझेल असं दुधाळ करून टाकते की वरचा तेलाचा थर दिसतच नाही. सुपरनेटंट (पेशी काढून टाकलेला वरचा द्रव) आणि केरोसीन समसमान घेऊन व्होर्टेक्स केलं, २४ तासांनी ई२४ (एकूण उंचीपैकी किती टक्के दुधाळ इमल्शन टिकलं ते) ७० टक्क्यांच्या आसपास. म्हटलं झालं काम!

पण पृष्ठताण मोजला तर ६० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या वरच, म्हणजे कोऱ्या मीडियमपेक्षा जेमतेम कमी. ड्रॉप कोलॅप्समध्ये (तेलकट पृष्ठभागावर थेंब पसरतो का ते बघायचं) थेंब तसाच टम्म. ऑइल स्प्रेडिंगला (पाण्यावरचा तेलाचा थर किती मागे सरतो ते) वर्तुळ पडतं पण अगदी बारकं. गाईड म्हणतात ई२४ एवढा चांगला आहे ना, मग अ‍ॅसिडने प्रेसिपिटेट करून पुढे जा. पीएच २ ला आणून रात्रभर ४ अंशांवर ठेवलं, तळाशी काहीच नाही.

मोजण्यात काही गडबड आहे की आयसोलेटच (वेगळा केलेला जीवाणू) तसा आहे? आणि सबमिशन जवळ आलंय म्हणून विचारते, यातून काही पुढे नेण्यासारखं आहे का?

मृदगंध

वाचतोय. याच विषयावर एक चांगला धागा हवाच होता. कोणी जाणकार लिहा.

पेट्रीप्लेट

तवंग, मोजण्यात गडबड वाटत नाही, उलट तुझे सगळे निकाल एकमेकांशी छान जुळतायत. ते जुळत नाहीत असं वाटायचं कारण एवढंच की सगळीकडे "बायोसर्फॅक्टंट" या एकाच डब्यात दोन वेगळे प्राणी कोंबलेले असतात.

एक जात म्हणजे लहान रेणू. ऱ्हॅम्नोलिपिड, सर्फॅक्टिन, सोफोरोलिपिड, ट्रेहॅलोज लिपिड. एका टोकाला पाणी आवडणारा भाग, दुसऱ्या टोकाला चरबीची शेपटी, वजन साधारण पाचशे ते दीड हजार डाल्टन. हे रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर रांगेत उभे राहतात आणि ताण दणकून उतरवतात. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंशांना ७२, ऱ्हॅम्नोलिपिड तो ३० च्या घरात आणतं आणि सर्फॅक्टिन तर २७ पर्यंत.

दुसरी जात मोठ्या पॉलिमरची, पॉलिसॅकराइड, प्रोटीन, त्यांना चिकटलेली फॅटी अ‍ॅसिडं. यातलं सगळ्यात गाजलेलं एमल्सान, अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या आरएजी-१ स्ट्रेनचं, वजन दहा लाख डाल्टनच्या आसपास. हा अवाढव्य रेणू पृष्ठताण फारसा उतरवत नाही, पण तेलाचे थेंब एकदा बारीक झाले की त्यांच्याभोवती आवरण घालून त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. म्हणजे इमल्शन जबरदस्त टिकणार आणि पृष्ठताण मोजणारा टेन्सिओमीटर ढिम्म राहणार. तुझं वर्णन मला अगदी याच जातीचं वाटतंय. याला बायोइमल्सिफायर म्हणायचं.

अ‍ॅसिडने काही खाली का बसलं नाही तेही यातच आलं. पीएच २ ची युक्ती ऱ्हॅम्नोलिपिड आणि सर्फॅक्टिनला चालते कारण दोघांकडे कार्बोक्झिल गट आहेत, अ‍ॅसिडमध्ये त्यांचा चार्ज जातो आणि विद्राव्यता संपते. पॉलिमरला तो नियम लागू होईलच असं नाही. त्याच्यासाठी सुपरनेटंटमध्ये दोन-तीन पट थंडगार अ‍ॅसिटोन किंवा इथेनॉल घालून बघ, नाहीतर अमोनियम सल्फेट. खाली जे बसेल ते पाण्यात विरघळवून डायलिसिस कर आणि त्याचा ई२४ पुन्हा घे. अ‍ॅक्टिव्हिटी त्यात उतरली तर प्रश्न निम्मा सुटला.

गाईडना एवढंच सांग की ई२४ हे पृष्ठताणाचं माप नाही, दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. कितीतरी जण नुसत्या ई२४ वर "उत्तम बायोसर्फॅक्टंट निर्माता" लिहून मोकळे होतात, आणि उलट बाजूने पृष्ठताणाची एकच चाळणी लावून असले चांगले इमल्सिफायर फेकूनही देतात. दोन्हीमध्ये नुकसान आहे.

नत्रखोर

पेट्रीप्लेटताईंना +१, पण एक शंका आहेच. कल्चर डिझेलवर वाढवलंय ना? मग सुपरनेटंटमध्ये बारीक थेंबांच्या रूपात डिझेल उरलेलं असणार, शिवाय अल्केन (डिझेलमधले साखळीसारखे हायड्रोकार्बन) ऑक्सिडाइझ होताना जी फॅटी अ‍ॅसिडं आणि अल्कोहोलं तयार होतात तीही थोडीफार बाहेर पडतात, आणि ती स्वतःच पृष्ठभागावर जाऊन बसतात. अशा सुपरनेटंटवर ऑइल स्प्रेडिंगचं बारकं वर्तुळ आलं तर ते कशामुळे आलं हे सांगता येत नाही. तेलावर वाढवलेल्या कल्चरचा कुठलाही निकाल मी तरी शेवटचा मानत नाही. तोच आयसोलेट ग्लिसरॉल किंवा ग्लुकोजवर मिनिमल मीडियममध्ये वाढवा आणि तिथे काय होतं बघा.

आणि कृपा करून न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये टेस्ट करू नका. पेप्टोन स्वतःच पृष्ठताण बऱ्यापैकी उतरवतो, मग जीवाणूने काय केलं आणि मीडियमने काय केलं ते वेगळं करता करता जीव जातो. प्रत्येक टेस्टला न टोचलेला मीडियम तेवढेच दिवस शेकरवर ठेवून कंट्रोल म्हणून लावायचाच, आणि एक पॉझिटिव्ह कंट्रोल एसडीएसचा (नेहमीचं रासायनिक डिटर्जंट).

पेट्रीप्लेट

नत्रखोर, मुद्दा पटतो पण पूर्ण नाही. ऱ्होडोकोकस घ्या, त्याचं ट्रेहॅलोज लिपिड अल्केनवर वाढवलं की भरभरून तयार होतं, ग्लुकोजवर फारसं नाही. त्यामुळे ग्लिसरॉलवर निगेटिव्ह आला म्हणून आयसोलेट बाद करणं मला धोक्याचं वाटतं. दोन्हीवर वाढवावं आणि दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवून बोलावं. तेलावर वाढवायचंच असेल तर मिश्र डिझेलऐवजी हेक्साडेकेन हा एकच अल्केन घ्यावा, म्हणजे निदान काय उरलंय ते माहीत असतं.

दुसरं, ऱ्होडोकोकस आणि त्याच्या भाऊबंदांचं ट्रेहॅलोज लिपिड बरंचसं पेशीला चिकटलेलं असतं. आपण सेंट्रिफ्यूज करतो, पेशी फेकून देतो आणि सुपरनेटंटवर सगळ्या टेस्ट करतो, म्हणजे नेमकी हवी ती गोष्ट सिंकमध्ये गेली! पूर्ण ब्रॉथ आणि पेशीविरहित सुपरनेटंट असे दोन नमुने लावायची सवय ठेवली तर हा घोळ टळतो. पूर्ण ब्रॉथ पॉझिटिव्ह आणि सुपरनेटंट निगेटिव्ह आलं तर पेशींचा गोळा क्लोरोफॉर्म-मिथेनॉल २:१ ने धुऊन काढायचा.

उगाचविचारते

मी या क्षेत्रातली नाही, पण वाचून कुतूहल वाटलं. जीवाणू हे साबणासारखं काहीतरी बनवतात ते तेल खाता यावं म्हणूनच का? आणि मग तेल सांडलेल्या मातीतच असे जीवाणू मिळतात का?

पेट्रीप्लेट

छान प्रश्न, उगाच नाही विचारलात.

तेल पाण्यात विरघळत नाही आणि जीवाणू राहतो पाण्यात. म्हणून तेलाचे थेंब बारीक करणं, किंवा स्वतःची कातडी तेलकट करून थेंबाला जाऊन चिकटणं, असे दोन मार्ग त्यांच्याकडे असतात, आणि दोन्हीत या रेणूंची मदत होते. समुद्रातला अल्कॅनिव्होरॅक्स बॉर्कुमेन्सिस तर जवळपास निव्वळ अल्केनवरच जगतो आणि स्वतःचं ग्लायकोलिपिड बनवतो, त्याचं वर्णन १९९८ साली झालं.

पण तेवढंच कारण नाही. सुडोमोनास एरुजिनोसाला ऱ्हॅम्नोलिपिड लागतं ते ओल्या पृष्ठभागावर झुंडीने पसरायला आणि बायोफिल्मची ठेवण सांभाळायला. बॅसिलस सबटिलिसचं सर्फॅक्टिन त्याला सरकायला मदत करतं, शिवाय इतर सूक्ष्मजीवांच्या पडद्यांना भोकं पाडतं. हे दोघे तेलाचा थेंबही नसलेल्या साध्या मातीतही सर्रास सापडतात. म्हणजे तेलकट मातीत असे जीवाणू असण्याची शक्यता वाढते हे खरं, पण "तेलकट मातीतून आलाय म्हणजे बायोसर्फॅक्टंट बनवतोच" हे चूक आणि "स्वच्छ मातीत मिळणार नाही" हेही चूक. सोफोरोलिपिड बनवणारं यीस्ट, स्टार्मरेला बॉम्बिकोला, त्याचा तर तेलगळतीशी काही संबंध नाही, आणि उत्पादनात ते सगळ्यांच्या पुढे आहे, लिटरला १०० ग्रॅमच्याही वर देतं.

नत्रखोर

एनरिचमेंटबद्दल यात एक जोड. फ्लास्कमध्ये आठवड्यामागून आठवडे तेल देत राहिलं की जो सगळ्यात जलद वाढतो तोच उरतो, आणि तो बहुतेक वेळा कुठलातरी सुडोमोनास नाहीतर अ‍ॅसिनेटोबॅक्टर असतो. हळू वाढणारे ऱ्होडोकोकस, गॉर्डोनिया वगैरे पहिल्या-दुसऱ्या ट्रान्सफरलाच हरवतात. म्हणून एनरिचमेंटच्या आधी मूळ मातीचं डायल्यूशन करून सरळ प्लेटिंग करून ठेवावं, आणि प्लेट लवकर फेकू नयेत. बारीक, कोरड्या, केशरी-गुलाबी कॉलनी उशिरा वर येतात, त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

तवंग

खूप खूप आभार सगळ्यांचे! ताई, अ‍ॅसिटोनचं लगेच करते. पेशींसकट ब्रॉथचंही.

अजून एक विचारायचं होतं. माझ्याकडे दुसरा एक आयसोलेट आहे, हिरवट निळा रंग सोडतो, याचा ड्रॉप कोलॅप्स मस्त येतो आणि पृष्ठताण ३१ पर्यंत जातो. तो रोज मोजतेय, ४८ तासांनंतर ३१ च्या खाली काही जातच नाही, मीडियम बदललं तरी तेच. उत्पादन वाढवायचा भाग प्रोजेक्टमध्ये आहे, मग वाढतंय की नाही हे कळणार कसं?

पेट्रीप्लेट

इथेच बहुतेकांचे ऑप्टिमायझेशनचे आलेख सपाट होतात.

सर्फॅक्टंट जसजसं वाढतं तसतसा पृष्ठताण उतरतो, पण फक्त एका ठरावीक प्रमाणापर्यंत. त्यानंतर पृष्ठभाग भरलेला असतो आणि जादाचे रेणू पाण्यात मायसेल करून बसतात. हाच सीएमसी, क्रिटिकल मायसेल कॉन्सन्ट्रेशन. ऱ्हॅम्नोलिपिडचा सीएमसी मिश्रणाप्रमाणे बदलतो पण साधारण लिटरला काही दहा ते दोनशे मिलिग्रॅममध्ये येतो, सर्फॅक्टिनचा वीसच्या आसपास. तुलनेला एसडीएस घे, त्याला लिटरला दोन ग्रॅमपेक्षा जास्त लागतं. आता तुझ्या फ्लास्कमध्ये लिटरला अर्धा ग्रॅम असो की पाच ग्रॅम, टेन्सिओमीटर ३१ च दाखवणार.

म्हणून सुपरनेटंट पातळ करून मोज. १० पट, १०० पट, दोन्हीचा पृष्ठताण घे. एका मीडियममधलं १० पटीलाच ५० वर उडालं आणि दुसऱ्यातलं १०० पटीलाही ३५ राहिलं, तर दुसऱ्यात कितीतरी जास्त माल आहे. पातळ करायला पाणी नको, तोच कोरा मीडियम किंवा बफर वापर, कारण क्षार आणि पीएच बदलला की ऱ्हॅम्नोलिपिडचं वागणं बदलतं. आणि तापमान सगळ्या वाचनांना एकच ठेव.

कुपी

आमच्याकडे टेन्सिओमीटर नाहीच आहे, रिंगचा नाही आणि प्लेटचाही नाही. मग काय करायचं?

नत्रखोर

स्टॅलॅग्मोमीटर वापरा. काचेची साधी नळी, ठरावीक आकारमानातून किती थेंब पडतात ते मोजायचं. ताण कमी तर थेंब लहान, म्हणजे थेंबांची संख्या जास्त. पाण्याचे थेंब भागिले नमुन्याचे थेंब, त्याला दोघांच्या घनतेच्या गुणोत्तराने आणि पाण्याच्या पृष्ठताणाने गुणायचं. टेन्सिओमीटरइतकं नेमकं नाही पण तुलना करायला पुरतं. नळी क्रोमिक अ‍ॅसिडने किंवा निदान अल्कोहोल आणि भरपूर डिस्टिल्ड वॉटरने धुतलेली हवी, बोटाचा तेलकटपणाही निकाल बिघडवतो. फेस आलेला नमुना लगेच मोजू नका, बसू द्या.

पेट्रीप्लेट

तवंग, तो हिरवट निळा रंग पायोसायनिनचा असणार आणि तसं असेल तर तो सुडोमोनास एरुजिनोसा आहे. सेट्रिमाइड अगारवर टाकून बघ, ४२ अंशांना वाढतो का तेही बघ, नंतर १६एस (जीनवरून ओळख पटवणं) करून घे. उत्पादनाच्या दृष्टीने हा सगळ्यात अभ्यासलेला जीवाणू, ऱ्हॅम्नोलिपिडचं पहिलं नीट वर्णन यातूनच १९४९ साली झालं. पण हा संधिसाधू रोगकारक आहे, जखमा, भाजलेली कातडी, डोळे, फुप्फुसं यांचे चिवट संसर्ग करतो आणि अँटिबायोटिक्सना दाद देत नाही. हातमोजे, बायोसेफ्टी कॅबिनेट, व्होर्टेक्स करताना झाकण घट्ट, वापरलेलं सगळं ऑटोक्लेव्ह. मातीतून आलाय म्हणजे सौम्य असेल असं अजिबात गृहीत धरू नकोस. कॉन्टॅक्ट लेन्स लावून त्याच्याशी काम करू नये असं मी आमच्या मुलांना नेहमी सांगते.

मीडियमचं थोडक्यात सांगते. कार्बन म्हणून ग्लिसरॉल किंवा वनस्पती तेल, नायट्रोजन म्हणून अमोनियमऐवजी नायट्रेट, आणि नायट्रोजन मुद्दाम आखडता. नायट्रोजन संपतो, वाढ थांबते, पण कार्बन उरलेला असतो, त्याच वेळी ऱ्हॅम्नोलिपिड जोरात बनू लागतं. लोह आणि फॉस्फेट कमी ठेवल्यानेही मदत होते. यामागे कोरम सेन्सिंग आहे, म्हणजे पेशींची गर्दी पुरेशी झाली की लास आणि आरएचएल या दोन व्यवस्था मिळून आरएचएलए आणि आरएचएलबी हे जीन चालू करतात, पहिला चरबीचा भाग जोडतो, दुसरा त्याला एक ऱ्हॅम्नोज (एक साखर) लावतो, आणि वेगळ्या ठिकाणी असलेला आरएचएलसी दुसरी ऱ्हॅम्नोज. म्हणून २४ तासांच्या नमुन्यावर निकाल लावू नकोस, ७२ ते ९६ तासांपर्यंत जा.

बॅसिलस असता तर उलट सांगितलं असतं. सर्फॅक्टिन वाढीच्या काळातच बनतं आणि साखर संपल्यावर उशीर केला तर कमीही होऊ शकतं. "सगळ्या आयसोलेटचा नमुना एकाच दिवशी" ही पद्धत त्यामुळेच अन्यायकारक आहे.

कुपी

सी-टॅब मेथिलीन ब्लू प्लेटवर आमच्या बॅसिलसची वाढच होत नाही. म्हणजे तो निगेटिव्ह धरायचा का?

नत्रखोर

नाही हो! सी-टॅब हा धन चार्जचा डिटर्जंट आहे, ग्रॅम पॉझिटिव्हना तो मारतो. प्लेटवर वाढला नाही म्हणजे एवढंच कळलं की सी-टॅब विषारी आहे. प्लेटमध्ये भोक पाडून त्यात सुपरनेटंट भरा, गडद निळा हॅलो आला तर ऋण चार्जचं सर्फॅक्टंट आहे. आणि हेही लक्षात असू द्या की ही प्लेट ऋण चार्जवाल्यांसाठीच आहे, चार्ज नसलेलं काही असेल तर ते इथे कधीच दिसणार नाही.

ब्लड अगारबद्दल तर बोलायलाच नको. रक्त फोडणारी एन्झाइम बनवणारे जीवाणूही तिथे स्वच्छ वर्तुळ देतात आणि काही चांगले बायोसर्फॅक्टंट काहीच देत नाहीत. नुसत्या त्या एका प्लेटवर शेकडो आयसोलेट बाद करू नयेत.

फेसाळ

फर्मेंटरवाल्यांच्या बाजूने थोडं. फ्लास्कमध्ये सगळं गोड असतं, खरी परीक्षा हवा सोडल्यावर. ऱ्हॅम्नोलिपिड आणि सर्फॅक्टिन दोन्ही इतका फेस करतात की ब्रॉथ एक्झॉस्टच्या नळीतून वर चढून फिल्टर ओला करतो आणि मग बॅचच संपते. सोपा मार्ग म्हणून लोक सिलिकॉन अँटीफोम ओततात. पण अँटीफोम स्वतः पृष्ठभागावर बसतो, पृष्ठताणाचं आणि ई२४ चं वाचन दोन्ही बिघडवतो आणि शेवटी मालातून काढतानाही त्रास देतो. अँटीफोम वापरलंच तर कोऱ्या मीडियममध्येही तेवढंच घालून कंट्रोल घ्या.

मला जास्त आवडते ती उलटी युक्ती. फेसाला अडवायचंच नाही, वरच्या नळीने बाहेर काढून वेगळ्या भांड्यात जमा करायचा. फेसात सर्फॅक्टंट मूळ ब्रॉथपेक्षा कितीतरी दाट असतं, म्हणजे शुद्धीकरणाची पहिली पायरी फुकटात झाली. सर्फॅक्टिनसाठी हे १९८१ सालीच दाखवलं गेलंय. अडचण एवढीच की फेसाबरोबर पेशीही वाहून जातात, त्या परत आणायची सोय करावी लागते.

आणि तो एरुजिनोसा मोठ्या टाकीत घालायला कोणी धजत नाही, सुरक्षिततेमुळे. म्हणून त्याचे आरएचएलए-आरएचएलबी जीन सुडोमोनास पुटिडासारख्या निरुपद्रवी जीवाणूत बसवायचा रस्ता निघाला. इव्होनिक कंपनीने २०२४ च्या सुरुवातीला स्लोव्हाकियात ऱ्हॅम्नोलिपिडचा मोठा कारखाना सुरू केला, त्यात कच्चा माल म्हणजे मक्याची साखर. तेलकट मातीतून सुरू झालेला शोध आता साखरेवर आणि दुसऱ्याच जीवाणूवर चालतोय.

मृदगंध

मला यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. हे सगळं बनवून शेवटी ती काळी जमीन स्वच्छ होणार आहे का? दर प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर "प्रदूषित माती शुद्ध करण्यासाठी उपयुक्त" असं वाक्य असतं, पण तेवढ्यावरच थांबतात.

चिखलवाट

मृदगंध, मी प्रत्यक्ष जमिनीवरच काम करतो, त्यामुळे तुमचा प्रश्न मला रोज भेटतो.

तेल मातीत अडकून का राहतं? कधी ते जीवाणूंच्या हाती लागत नाही म्हणून, पण त्याहून जास्त वेळा त्यांना नायट्रोजन, फॉस्फरस आणि ऑक्सिजन मिळत नाही म्हणून. हिशेब साधा आहे, डिझेलसारख्या एक किलो हायड्रोकार्बनचा पूर्ण कार्बन डायऑक्साइड व्हायला साधारण साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. घट्ट, ओल्या, चिकणमातीत तो जाणार कुठून? अशा ठिकाणी टाकीभर बायोसर्फॅक्टंट ओतलं तरी काही होणार नाही. आधी माती उलटीपालटी करायची, हवा खेळती करायची, कार्बन-नायट्रोजन-फॉस्फरस १००:१०:१ च्या जवळ आणायचं, ओलावा सांभाळायचा. एक्सॉन व्हाल्डेझ या तेलवाहू जहाजाची गळती झाली १९८९ मध्ये, तेव्हा किनाऱ्यावर खतं टाकून तिथल्याच जीवाणूंना कामाला लावलं आणि विघटनाचा वेग वाढला. बाहेरून जीवाणू आणावे लागले नाहीत.

मग बायोसर्फॅक्टंट कुठे कामाचं? जिथे तेल जुनं आहे, हलका भाग उडून गेलाय आणि उरलेलं जड, चिकट तेल मातीच्या कणांच्या फटींत बसलंय तिथे. पण तिथेही तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ बरंचसं सर्फॅक्टंट स्वतःच शोषून घेतात, प्रयोगशाळेतल्या पाण्यातला सीएमसी मातीत लागू पडत नाही, कितीतरी जास्त घालावं लागतं. दुसरी, जीवाणूंना तेलापेक्षा ऱ्हॅम्नोलिपिड खाणं सोपं, त्यामुळे कधी कधी ते तेच खाऊन टाकतात आणि तेल तसंच राहतं. तिसरी माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर, तेल मातीतून सुटं झालं आणि ते खाणारं कोणी जवळ नसलं तर ते पाण्याबरोबर खाली भूजलात उतरतं. आज जे एका जागी अडकलंय ते विहिरीत पोचवायचं काम आपण करायचं नाही.

म्हणून आधी त्याच मातीच्या छोट्या कुंड्या लावायच्या. काहीच नाही, नुसती खतं, खतं आणि बायोसर्फॅक्टंट, शिवाय एक मारलेली माती कंट्रोल म्हणून. दर थोड्या दिवसांनी उरलेलं तेल गॅस क्रोमॅटोग्राफीवर मोजायचं. नुसतं वजन करून "घटलं" म्हणू नका, डिझेलचा हलका भाग हवेतही उडतो. हेप्टाडेकेन आणि प्रिस्टेन यांचं गुणोत्तर बघा, हेप्टाडेकेन जीवाणू लवकर खातात, प्रिस्टेन हळू, आणि उडण्याचा वेग दोघांचा जवळपास सारखा. गुणोत्तर उतरलं तर जीवाणूंनी खाल्लं.

मृदगंध

हे हवं होतं. कुंड्यांची मांडणी आणि हेप्टाडेकेन-प्रिस्टेनचं उतरवून घेतलं.

तवंग

अपडेट देते. अ‍ॅसिटोनने पहिल्या आयसोलेटमधून पांढरे, तंतूंसारखे गोळे खाली बसले. डायलिसिस करून विरघळवल्यावर केरोसीनबरोबर ई२४ पुन्हा तसाच चांगला आला, आणि पृष्ठताण अजूनही ६० च्या वर. ग्लिसरॉलवर वाढवल्यावरही हाच निकाल, त्यामुळे उरलेल्या डिझेलचा प्रश्न नाही. १६एस मध्ये अ‍ॅसिनेटोबॅक्टर आला. एकट्या हेक्साडेकेनबरोबर मात्र इमल्शन बरंच कमी बनतंय, हे कळलं नाही.

दुसऱ्या आयसोलेटचं पातळ करून मोजल्यावर फरक लख्ख दिसायला लागला, नायट्रेटवालं मीडियम १०० पट पातळ करूनही टिकलं, अमोनियमवालं १० पटीलाच गेलं.

पेट्रीप्लेट

वा, किती छान! हेक्साडेकेनचं कोडं सोपं आहे. एमल्सान एकट्या शुद्ध अल्केनला नीट पकडत नाही, त्याला अ‍ॅलिफॅटिक (साखळीचे) आणि अ‍ॅरोमॅटिक (कड्यांचे) दोन्हींचं मिश्रण लागतं. केरोसीन आणि डिझेलमध्ये दोन्ही आहेत. हेक्साडेकेनमध्ये मेथिलनॅफ्थलीन मिसळून ई२४ घेऊन बघ, आणि मॅग्नेशियम देऊन-न देऊनही, कारण एमल्सानला मॅग्नेशियमसारखे द्विभारित आयन लागतात. दोन्हीला प्रतिसाद दिला तर तुझा पॉलिमर त्या घराण्याच्या जवळचा आहे म्हणायला आधार मिळेल.

पुढे फिनॉल-सल्फ्युरिक पद्धतीने साखर मोज, लोरी पद्धतीने प्रोटीन. मग थोडा नमुना प्रोटिनेझ के लावून आणि थोडा उकळून ई२४ घे. प्रोटीन कापल्यावर अ‍ॅक्टिव्हिटी पडली तर इमल्सिफिकेशनचं काम प्रोटीन करतंय, अ‍ॅसिनेटोबॅक्टर रेडिओरेझिस्टन्सच्या अलासान या इमल्सिफायरमध्ये तसंच आहे.

एरुजिनोसाचं ऑर्सिनॉलने मोजणार असशील तर गुणक जपून लाव. ऑर्सिनॉल फक्त ऱ्हॅम्नोज मोजतं. नेहमीच्या मोनो-ऱ्हॅम्नोलिपिडचं वजन ऱ्हॅम्नोजच्या तिप्पट, डाय चं जेमतेम दुप्पट. मिश्रण माहीत नसताना डोळे झाकून तीनने गुणलं तर आकडा फुगतो. आधी टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करणं) करून दोन्हींचा अंदाज घे. ग्लुकोज उरलेलं असेल किंवा तेलावर वाढवलं असेल तर त्याचाही रंग येतो, म्हणून आधी इथाइल अ‍ॅसिटेटने काढून मगच मोज.

कुपी

एक शेवटचं विचारतो. आमचा चांगला एरुजिनोसा प्लेटवरून प्लेटवर नेत नेत मंदावलाय, आधीसारखा ड्रॉप कोलॅप्स देत नाही. असं होतं का?

नत्रखोर

होतं. पोषक मीडियमवर ऱ्हॅम्नोलिपिड बनवणं हा पेशीला नुसता खर्च आहे, कोरम सेन्सिंग बिघडलेले म्युटंट तिथे जलद वाढतात आणि हळूहळू तेच भरतात. जुन्या ग्लिसरॉल स्टॉकवर जा. स्टॉक नसेल तर आहे त्या कल्चरच्या बऱ्याच एकेकट्या कॉलनी वेगळ्या करून प्रत्येकीचा ड्रॉप कोलॅप्स घ्या, चांगल्या अजून सापडतील. त्यांचे लगेच १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला पुष्कळ स्टॉक करा आणि दर प्रयोग ताज्या स्टॉकवरून सुरू करा, प्लेटवरून नाही.

तवंग, तूही हे आजच करून टाक, दोन्ही आयसोलेटचं.

तवंग

अ‍ॅसिनेटोबॅक्टरचे केलेत, एरुजिनोसाचे आज करते. मेथिलनॅफ्थलीन मागवलंय, आलं की निकाल इथेच टाकते.